फुलं उमलायच्या आधी : आमाझिघ गावातली दैनंदिनी (भाग तिसरा)

मंगळवार

या गावात वेळ दोन प्रकारची आहे. मोरोक्को सरकारनं २०१८ पासून घड्याळ तासभर पुढे नेऊन ठेवलंय, ते फक्त रमजानात मागे येतं. शाळा, कचेऱ्या, ताल्युईनची गाडी हे सगळं ‘नव्या’ वेळेवर चालतं. शेतातली कामं आणि बायकांचं बोलणं अजून ‘जुन्या’ वेळेवर. त्यामुळे काल रात्री लल्ला म्हणाली, “पाचला उठायचं,” तेव्हा मी विचारलं, कुठल्या पाचला? घरभर हशा पिकला. जुन्या, दुसऱ्या कुठल्या? फुलं सरकारचं थोडीच ऐकतात!

मागचे भाग न वाचलेल्यांसाठी थोडक्यात. ताल्युईन हे अगादीर आणि वार्झाझातच्या दरम्यान, हमरस्त्यावरचं बाजाराचं गाव. तिथून सिरवा डोंगराच्या दिशेनं रस्ता चढत जातो. सिरवा म्हणजे ३,३०० मीटर उंचीचा विझलेला ज्वालामुखी. आमचं गाव त्या रस्त्यावर. माणसं आमाझिघ, बाहेरचं जग त्यांना बर्बर म्हणतं. बोली ताशेलहीत. मी इथे बायकांच्या एका केशर सहकारी संस्थेत स्वयंसेवक म्हणून आले आहे आणि लल्लाच्या घरी राहते. घरातल्या, गावातल्या मोठ्या बाईला मानानं लल्ला म्हणतात. मीही तेच म्हणते.

तर जुन्या पाचला उठून, पोटात नुसता चहा घालून, आम्ही अंधारात शेतावर. लल्ला, दोन सुना, शेजारच्या बायका आणि मी. केशराचं फूल जमिनीतून जवळजवळ थेट वर येतं. उंची वीतभरसुद्धा नाही. कमरेत वाकायचं, अंगठ्याच्या नखानं देठ खाली खुडायचा आणि फूल टोपलीत टाकायचं. खाली बसून खुडायला गेलं की शेजारची फुलं पायाखाली जातात. थोरली सून ओळ धरून सरसर पुढे जाते, तिच्या मागे एक फूल राहत नाही. माझ्या ओळीतून धाकटी पुन्हा एकदा फिरते. बोलत कुणी नाही, पण मला कळतं.

ऊन लागायच्या आत का, तर ऊन आलं की पाकळ्या उघडतात आणि आतले तीन लाल धागे उन्हावाऱ्यानं मलूल होतात. मिटलेलं फूल हाताळायलाही बरं. आणि आज आलेलं फूल आजच खुडावं लागतं, उद्यावर टाकता येत नाही. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत हेच चालतं. या दिवसांत गावात लग्न ठरत नाही, पाहुण्याला आग्रह होत नाही आणि आजारी पडायलाही कुणाला सवड नाही.

परत आल्यावर खरी न्याहारी : जवाचं गरम अस्कीफ, म्हणजे आपली पातळ कण्हेरी म्हणा, भट्टीतल्या तापल्या खड्यांवर भाजलेली तफर्नूत भाकर, ऑलिव्हचं तेल आणि आम्लू. बदाम भाजून, वाटून, आर्गन तेल आणि मधात कालवलं की आम्लू होतं. चहा चिनी हिरव्या पानांचा, पण इथे पुदिन्याऐवजी त्यात केशराच्या दोन-चार काड्या पडतात. साखर शंकूच्या आकाराच्या ढेपेतून फोडून घालतात, आणि हात सढळ.

बुधवार

आजचा दिवस बसून गेला, आणि पाठ कालच्यापेक्षा जास्त दुखते आहे.

खुडणं दोन-तीन तासांचं, निवडणं दिवसभराचं. बुटक्या गोल मेजावर जांभळ्या फुलांचा ढीग ओततात आणि भोवती बायका बसतात. डाव्या हातात फूल, उजव्या हाताच्या दोन बोटांनी तीन धागे ओढून ताटलीत. पिवळा देठ फार आला तर प्रत उतरते, फार वर तोडलं तर वजन जातं. साधारण दीडशे फुलं निवडावीत तेव्हा वाळलेलं एक ग्रॅम केशर पदरात पडतं. ताजे धागे वाळून पाचवा हिस्सा उरतो. आपण दिवाळीत बासुंदीवर चिमूटभर सोडतो, त्यात कुणाची किती बोटं गेली असतील याचा हिशेब मी मेजाशी बसून केला आणि मग सोडून दिला.

फूल रात्रभर ठेवलं तर मऊ पडतं, म्हणून ढीग त्याच दिवशी संपवावा लागतो. एका घराच्या हातांनी तो संपत नाही. आज लल्लाकडे फूल जास्त आलं तर शेजारणी इथे, उद्या त्यांच्याकडे जास्त आलं तर आम्ही तिथे. याला तिविझी म्हणतात. मावळात किंवा कोकणात ज्यांनी भाताच्या लावणीला सावड पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. पैसे कुणी देत-घेत नाही, मात्र कोण कोणाकडे किती बसलं हे सगळ्यांच्या लक्षात असतं. माझीही नोंद होते आहे. दुपारी पलीकडच्या घरची आजी आत आली, माझ्या ताटलीत डोकावली, काही बोलली. धाकटीनं फ्रेंचमधून सांगितलं, “म्हणते, ही सावकाश काढते पण स्वच्छ काढते, उद्या माझ्याकडे पाठवा.” या देशात आल्यापासून मला मिळालेलं हे पहिलं कामाचं प्रशस्तिपत्र.

बोलणं अखंड. मला त्यातले आकडे कळतात : यान, सीन, क्राद. बाकी सून सांगेल तेवढं. मी ‘अल-हिंद’ची आहे म्हटल्यावर शाहरुख खानची चौकशी ठरलेली. त्याला मी भेटले आहे का, मुंबई माझ्या गावापासून किती लांब, तिथल्या बायका खरंच पावसात गातात का. सोलापूर जिल्ह्यात पाऊसच पुरेसा पडत नाही, गाणार कधी, असं मी सांगितलं. तेव्हा मेजाभोवती एक समजुतीचा हुंकार आला. त्यानंतर शाहरुख मागे पडला आणि विहिरींवर बोलणं सुरू झालं.

पुरुष? थोडे आहेत. सूस प्रदेशातल्या या भागातले बाप्ये पिढ्यान्‌पिढ्या कासाब्लांकाला किराणा दुकानं चालवतात, काही फ्रान्सला गेले. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या मनीऑर्डरवर चालणाऱ्या गावांची गोष्ट इथे वेगळ्या लिपीत लिहिलेली दिसते. लल्लाचा थोरला मुलगा ईदला येतो आणि फुलाच्या हंगामात फोन करतो, “यंदा किती?”

गुरुवार

कागदोपत्री माझं मुख्य काम ‘मुलांना इंग्रजी शिकवणे’ असं आहे. चार वाजता शाळेच्या खोलीत गेले. पाटीवर अरबी, रोमन आणि तिफिनाघ अशा तीन लिप्या. २०११ च्या राज्यघटनेनं आमाझिघ भाषेला अधिकृत दर्जा दिला, त्याची ही दृश्य खूण. खोलीत मुलं तीन. बाकीची घरी मेजाशी. त्या तिघांचेही अंगठे पिवळे होते. अर्धा तास ‘रेड’, ‘पर्पल’ करून मी त्यांना सोडून दिलं आणि आजीकडे निवडायला गेले.

शुक्रवार

शुक्रवार कुसकुसचा. थोरलीनं रवा पाण्याच्या हातानं पुन्हापुन्हा चोळून तीनदा वाफवला, वर गाजर, कोबी, भोपळा, चणे. एका मोठ्या परातीभोवती सगळ्यांनी बसायचं आणि आपल्या समोरचंच खायचं, परातीच्या पलीकडे हात घालायचा नाही. मध्ये मांस असतं, ते शेवटी लल्ला वाटते. मी मांस खात नाही हे तिला अजून पटलेलं नाही. माझा वाटा ती शांतपणे धाकटीच्या मुलाला देते आणि माझ्याकडे भोपळा सरकवते.

मी राहते ती खोली सिमेंटच्या ठोकळ्यांची आहे, उन्हात तापते आणि रात्री गारठते. जुना भाग ठोकलेल्या मातीच्या जाड भिंतींचा, आत कसं सुखद. पण तिकडे आता फक्त जवाची पोती असतात. ८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री ६.८ तीव्रतेचा भूकंप झाला, उच्च अ‍ॅटलास पर्वतात गावंच्या गावं आडवी झाली, २,९०० हून अधिक माणसं गेली. इथे माणूस दगावला नाही, पण मातीच्या भिंतीत बोटभर भेग गेली आणि कित्येक रात्री गाव अंगणात झोपलं. किल्लारीनंतर आमच्याकडेही माणसं माळवदाखाली झोपायला तयार नव्हती. १९९३ च्या त्या पहाटेचं मी सांगितलं तेव्हा लल्लानं पहिला प्रश्न विचारला तो असा : “छप्पर मातीचं की लाकडाचं?” भूकंप पाहिलेली माणसंच असं विचारतात. लाकडावर मातीचं, म्हटलं. तिनं मान हलवली.

शनिवार

आज पाण्याची पाळी. गावाच्या वर एक झरा, त्याखाली हौद, हौदातून पाट. कोणाच्या शेताला किती वेळ पाणी हे गावाच्या पंचायतीनं, म्हणजे जमाअतनं ठरवलेलं. कागद नाही, पण तंटा झाला तर दोन म्हातारे पुरेसे असतात. आमची पाळी पहाटे होती, म्हणजे खुडणं आणि पाणी एकाच वेळी. लल्लाचे धाकटे दीर फावडं घेऊन पाटाशी आणि आम्ही शेतात. वाफ्याची माती फोडायची, पाणी आत घ्यायचं, बांध लावायचा, पुढचा वाफा. साक्री तालुक्यातल्या पांझरेवरच्या फड पद्धतीबद्दल मी वाचलं होतं. पाळीचा नियम पाळणारं गाव प्रत्यक्ष पाहायला मात्र मला आफ्रिकेत यावं लागलं.

नियम असले तरी झरा बारीक झालाय. अनेक वर्षं ओळीनं अवर्षणात गेली. मेंढरं इतकी घटली की २०२५ च्या बकरी ईदला खुद्द राजा सहावा मोहम्मद यांनी लोकांना कुर्बानी न करण्याचं आवाहन केलं. लल्लाच्या गोठ्यात सहा मेंढ्या आहेत, पूर्वी किती होत्या ते ती सांगत नाही. केशर तगतं ते त्याच्या स्वभावामुळे. कंद उन्हाळाभर जमिनीखाली झोपून असतो, पाणी लागतं ते शरदात आणि थोडं पुढे. तरी कंद पाच-सात वर्षांनी उपसून नव्या जागी लावावे लागतात, आणि नवी जागा म्हणजे पुन्हा पाणी. हमरस्त्याकडे काहींनी खोल बोअर घेऊन ठिबक केलंय. वरच्या गावांत त्याबद्दल फारसं चांगलं बोललं जात नाही. सोलापूरकडची असल्यानं मला दोन्ही बाजू कळतात. पण झरा सगळ्यांचा आणि बोअर एकट्याचा, हा फरक पंपाच्या जाहिरातीत लिहिलेला नसतो.

रविवार

सकाळी फूल कमी होतं. सहकारी संस्थेच्या खोलीत वजनं. प्रत्येक बाई आपली डबी आणते, धागे पांढऱ्या कागदावर पसरून तपासतात, मग काटा. वहीत लिहायचं काम आज माझ्याकडे होतं. ताल्युईनच्या केशराला २०१० मध्ये मूळस्थानाचं संरक्षित नाव मिळालं, त्यामुळे संस्थेच्या सीलबंद पाकिटाला दर बरा येतो. पण सगळं केशर संस्थेकडे येत नाही. प्रत्येक घर थोडं मागे ठेवतं. मुलाची फी, औषध, लग्न, अशी गरज पडेल तेव्हा चिमूट चिमूट काढून विकायचं. लल्लाची डबी कपाटात कुलपात असते. सोनं तिच्याकडे फारसं नाही, हे आहे.

मराकेशच्या बाजारात पर्यटकांना स्वस्त ‘केशर’ म्हणून काय विकतात ते मी येताना पाहिलं होतं. निम्म्याहून अधिक ठिकाणी करडईच्या वाळक्या पाकळ्या. आमच्याकडे रब्बीत करडई काढताना काटे टोचलेत, तिला केशर समजणं मला जमणार नाही. पूड कधी घेऊ नये. धागे घ्यावेत आणि दोन कोमट पाण्यात टाकून पाहावेत : खरं केशर पाण्याला सावकाश पिवळा रंग देतं आणि धागा लालच राहतो. पाणी झटकन लाल झालं तर पैसे गेले.

वही मिटल्यावर मी संस्थेच्या बाईंना एक प्रश्न विचारला, तो बरेच दिवस मनात होता. मी ज्या परदेशी मध्यस्थामार्फत आले त्यांनी माझ्याकडून राहण्या-जेवणाचे म्हणून दर आठवड्याला बऱ्यापैकी पैसे घेतले आहेत. त्यातले लल्लाच्या घरी किती पोचतात? बाईंनी वहीच्याच मागच्या पानावर आकडा लिहिला. पाचवा हिस्सासुद्धा नाही. केशर वाळतानाही यापेक्षा कमी घटतं. वर मध्यस्थाच्या माहितीपत्रकात ‘इंग्रजी शिकवून गावाचं भविष्य बदला’ असं छापलेलं. गावाला या घडीला भविष्य नको आहे, सकाळी साडेपाचला शेतात आणि दुपारी मेजाशी दोन हात हवे आहेत. उरलेल्या आठवड्यांचे पैसे मी थेट लल्लाकडे देणार, असं आज ठरलं. तिनं ते घेण्याआधी थोरल्या मुलाला फोन केला, तो कासाब्लांकाहून हो म्हणाला, मग घेतले.

उद्या सोमवार, ताल्युईनचा आठवडी बाजार. त्याबद्दल पुढच्या भागात.

तोवर, परदेशी गावात स्वयंसेवक म्हणून जाण्याचा विचार करणाऱ्या वाचकांना एक विनंती. पैसे भरण्याआधी मध्यस्थाला दोन गोष्टी लेखी विचारा : ज्या घरी राहणार त्या घराला दर आठवड्याला नेमके किती मिळतात, आणि त्या आठवड्यांत गावात कुठलं काम चाललेलं असतं. उत्तर आलं नाही, तर पैसे भरू नका.