नावाच्या पाटीच्या आत

विद्यापीठाच्या नावासाठी आपल्या समाजाने सोळा वर्षे लढा दिला. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात नामांतराचा ठराव झाला आणि १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव जोडले गेले. मधल्या काळात घरे जळाली, माणसे गेली, लाँग मार्च निघाला. पण विद्यापीठाच्या आत रोज काय चालते हे पाहायला आपल्यापैकी किती जण गेले? आमच्या विहारात एका रविवारी वंदनेनंतर हा प्रश्न निघाला आणि सगळे गप्प बसले. पुण्यात राहून आम्हाला पंचवीस वर्षे झाली. विद्यापीठाचा चौक बसमधून हजारदा पाहिला, पण फाटक कधी ओलांडले नव्हते.

मग ठरले. २८ फेब्रुवारी हा राष्ट्रीय विज्ञान दिन. १९२८ साली त्या तारखेला सी. व्ही. रामन यांनी आपला प्रकाशाचा शोध जाहीर केला, म्हणून तो पाळतात. त्या निमित्ताने आवारात लोकांना पाहण्यासारखे पुष्कळ असते, असे आमच्या वस्तीतल्या एका तरुणाने सांगितले. तो तेथेच समाजशास्त्रात पीएच.डी. करतो. कामावर खाडा करून, भाकरी बांधून आम्ही सोळा जण निघालो. आमच्याबरोबर अकरावीतली पुतणी होती. तिला तिच्या मास्तरांनी सांगितले होते, "नर्सिंग कर किंवा कॉमर्स कर, बाकीचे तुमच्यासाठी नाही." ती गप्प गप्पच होती.

फाटकाशी आमचे पाय जरा अडखळले. रखवालदार हटकणार, अशी जुनी धास्ती. त्याने फक्त आयुकाकडे जाण्याचा रस्ता दाखवला. आत पाहावे तर चारशे एकरांहून मोठे रान, जुने वड आणि मधोमध दगडी मनोऱ्याची इमारत. मुंबई प्रांताच्या गव्हर्नरसाहेबांचा हा पावसाळ्यातला बंगला. त्या काळी आपला माणूस इथे आला असेल तर झाडू घेऊन नाहीतर घोड्याच्या मागे. १९४९ साली इथे विद्यापीठ सुरू झाले, २०१४ साली त्याला सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले. सावित्रीबाईंच्या पुतळ्यापुढे आमच्या बायका बराच वेळ उभ्या राहिल्या. आम्हीही घाई केली नाही.

आयुका म्हणजे आकाशातील ताऱ्यांचा अभ्यास करणारी संस्था. १९८८ साली ती स्थापन झाली आणि डॉ. जयंत नारळीकर तिचे पहिले संचालक. २० मे २०२५ रोजी ते गेले, पण त्यांच्या विज्ञानकथा आमच्या घरात अजून वाचल्या जातात. इथे मुलांची एकच झुंबड होती. एका तक्त्यापुढे मात्र आमचे एक शेजारी खिळून राहिले. ते मूळचे वसमतचे, पेशाने गवंडी. तक्त्यावर त्यांच्याच हिंगोली जिल्ह्याचे नाव होते. औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी मोठी वेधशाळा व्हायची आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली आणि आयुकाचा त्या कामात वाटा आहे. काटकोनात दोन लांबलचक नळ्या, प्रत्येक चार किलोमीटरची. त्यांतून लेसरचा किरण ये-जा करणार आणि दूरच्या अवकाशात दोन कृष्णविवरे आदळली तर त्या हादऱ्याने नळीच्या लांबीत पडणारा फरक मोजणार. तो फरक अणूच्या गाभ्यातील कणापेक्षाही बारीक. अशी लहर पहिल्यांदा १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेत टिपली गेली. ती निघाली होती सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी!

"पण आमच्या माळरानावरच का?" शेजाऱ्यांनी विचारले. समजावणाऱ्या मुलाने सांगितले, जमीन जितकी शांत तितके बरे. रेल्वे, कारखाने, मोठी रहदारी यांचा थरथराट तिथपर्यंत पोचता कामा नये. शेजारी हसून म्हणाले, "तिकडे कारखाना नाही म्हणून तर आम्ही पुण्याला आलो." पुढे दोघे चार किलोमीटरचा ओळंबा कसा साधायचा यावर इतके रंगले की त्यांना ओढून न्यावे लागले. पृथ्वी गोल, म्हणून एवढ्या लांबीत तिची गोलाईसुद्धा हिशेबात धरावी लागते, हे ऐकून गवंड्याने कानाला हात लावला.

पुढे विद्यार्थ्यांनी मांडलेले प्रदर्शन होते. रक्ताच्या पेशींच्या चित्रापाशी आमची वहिनी थांबली. तिचे माहेर नागपूरकडचे, भावाच्या मुलाला सिकलसेल आहे. विदर्भात आदिवासींत आणि आपल्या समाजात हा आजार बराच आढळतो. जीवशास्त्राच्या विद्यार्थिनीने तिला खुर्ची दिली आणि शांतपणे सांगितले. तांबडी पेशी गोल असायची ती विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, म्हणून अंग ठणकते. दोष शापाचा नाही, पत्रिकेचा नाही. आई आणि बाप दोघांकडून तो गुण आला तरच आजार होतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला चारांत एक इतकी शक्यता. लग्नाआधी रक्त तपासून घेतले की कळते.

आणि हे कळले कसे? १९४९ साली लायनस पॉलिंग या रसायनशास्त्रज्ञाने दाखवले की बिघाड रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्येच आहे. कोणत्या लोकांत हा गुण किती, याची नोंद मानववंशशास्त्रज्ञांनी गावोगाव हिंडून केली. जिथे पिढ्यानपिढ्या मलेरिया होता तिथे तो टिकला, कारण एकाच बाजूने आलेला गुण मलेरियापासून थोडे रक्षण करतो, हे आणखी वेगळ्या अभ्यासातून निघाले. एका पोराच्या दुखण्यामागे इतके विषय! वहिनीने पदराला डोळे पुसले. मग शक्यतेचा तो हिशेब तिने आमच्या पुतणीकडून वहीत लिहून घेतला.

दुपारी वडाखाली भाकरी खाताना पीएच.डी.वाल्या तरुणाने एक गोष्ट सांगितली. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते. तिथल्या नोंदीनुसार त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले, शिवाय फ्रेंच आणि जर्मन. जातीवरचा त्यांचा पहिला निबंध वाचला गेला तो मानववंशशास्त्राच्या वर्गात. पुतणीने पहिल्यांदाच तोंड उघडले, "मग त्यांना कुणी सांगितले नाही का, एवढेच तुमच्यासाठी म्हणून?" आम्ही काय उत्तर देणार?

नंतर पाली आणि बौद्ध अध्ययन विभाग. आपण रोज त्रिशरण-पंचशील म्हणतो ती भाषा इथे व्याकरणासह शिकवतात, पदवी नसणाऱ्यांसाठीही वर्ग असतात. आमच्या आक्कांना एक गोष्ट फार पटली. पालीला स्वतःची अशी एकच लिपी नाही. श्रीलंकेत ती सिंहलीत लिहितात, ब्रह्मदेशात बर्मी लिपीत, आपण देवनागरीत. आणि भारतात हरवलेले कित्येक बौद्ध ग्रंथ तिबेटी आणि चिनी भाषांतरांत जिवंत राहिले, म्हणून इथले संशोधक त्या भाषांकडेही वळतात. इथून गेलेला धम्म तिकडून परत शोधायचा. बाबासाहेबांनी पालीचे व्याकरण आणि शब्दकोश यांवर केलेले काम शासनाने १९९८ साली प्रसिद्ध केले आहे.

शेवटी स्त्री अभ्यास केंद्र. पाय दुखत होते, मुले कुरकुरत होती, तरी गेलो ते बरे झाले. शर्मिला रेगे या इथल्या प्राध्यापिका, २०१३ साली वारल्या. बेबी कांबळे, शांताबाई कांबळे, उर्मिला पवार यांनी लिहिलेल्या आपल्या जिण्याच्या कहाण्या त्यांनी संशोधनाच्या मध्यभागी आणल्या. एवढेच नव्हे, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आपण ज्या स्वस्त पुस्तिका आणि भीमगीतांच्या कॅसेटी घेतो, त्यांचाही त्यांनी अभ्यास केला. हे ऐकून आक्का म्हणाल्या, "म्हणजे माझी पेटी?"

आक्कांकडे पत्र्याची एक पेटी आहे. दर वर्षी शिवाजी पार्कावरून आणलेल्या पुस्तिका त्यात आहेत, काहींना वाळवी लागलेली. गेल्या दिवाळीत सूनबाई ती रद्दीत घालायला निघाली होती. तरुणाने कळकळीने सांगितले, आक्का, रद्दीत घालू नका. प्रत्येकीवर लिहून ठेवा, कोणत्या वर्षी घेतली, कितीला घेतली, तेव्हा सोबत कोण होते. छापणाऱ्यांनी पुष्कळदा सालसुद्धा घातलेले नसते.

पुतणीचे अजून ठरलेले नाही. तिचा बाप नर्सिंगवर अडून आहे, आणि नर्सिंगही वाईट नाही, पगार वेळेवर येतो. पण गेल्या रविवारी विहारातून आल्यावर ती आक्कांच्या पुढ्यात वही घेऊन बसली. आक्का एकेक पुस्तिका हातात घेऊन सांगत होत्या, ही ज्या वर्षी गाडी दादरला उशिरा पोचली त्या वर्षीची, ही तुझ्या आजोबांनी घेतलेली. ती लिहीत होती. संध्याकाळपर्यंत बेचाळीस झाल्या, अर्धी पेटी अजून बाकी आहे.