दार लागण्याचा वेग

दार आपटू नये, ही घरात मुलाला लागणारी अगदी सुरुवातीची शिस्त. दाराचा वेग माणसाच्या हातात असतो, हे तिच्यात धरूनच चाललेलं असतं. वाशिम-कारंज्याच्या जुन्या घरांत ते खरंही होतं. जड सागवानी फळ्या, कडी-कोयंडा, आतून अडसर; दिवसभर दगड लावून उघडं ठेवलेलं दार दिवेलागणीला लक्ष्मी येते म्हणून तर मुद्दाम उघडं असे. कारंज्याच्या चार वेशींची नावंसुद्धा दिल्ली, दारव्हा, पोहा, मंगरूळ अशी, म्हणजे वेस ज्या वाटेला उघडते त्या वाटेची. असलं दार आपण होऊन लागत नसे. कुणीतरी ते लावायचं, आणि लावण्याआधी मागून कुणी येतंय का हे पाहायचं.

हे पाहणं दारातून गेलं ते जाळीच्या दाराबरोबर. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले, आणि पुढे दार चटकन लागणं हा आरोग्याचाच भाग झाला. त्यात चूक काही नाही. पण स्प्रिंगला किंवा दाराला बांधलेल्या सायकलच्या ट्यूबच्या पट्टीला आवरणं ठाऊक नसतं. दार निघतं हळू आणि चौकटीशी पोचतं सर्वांत जोरात, नेमकं जिथे लहान मुलाचं बोट असतं तिथे. त्यात उन्हाळ्याच्या अखेरीचं वावधन सुटलं की विचारायलाच नको. बँकेच्या आणि दवाखान्याच्या काचेच्या दारांवर डोअर क्लोजर आला तो याच दोषावर उपाय म्हणून. आत स्प्रिंग असते, पण ती दट्ट्यामार्फत तेल ढकलते. तेल बारीक वाटेनेच सरकू शकतं, म्हणून दार सावकाश येतं. ती वाट रुंद-अरुंद करायला बाहेर स्क्रू असतात. म्हणजे दाराची रीत आता पाव फेऱ्यात ठरते, आणि तो पाव फेरा कुणासाठी द्यायचा, हा प्रश्न कारागिरावर सोडण्याइतका लहान नाही.

माझ्या मते तो सर्वांत हळू चालणाऱ्यासाठी द्यावा. एकाच माणसाला आयुष्यभरात दाराचे वेगळे वेग लागतात: रांगताना, गरोदरपणी, कडेवर मूल घेतल्यावर, हातात काठी आल्यावर. भरभर चालण्याची वर्षं यांच्या मधली, आणि नेमकी तेव्हाची माणसंच दारं बसवतात. दार रेंगाळलं तर गारवा जातो, डास शिरतात, असं कुणी म्हणेल. म्हणूनच तर चांगल्या क्लोजरला दोन स्क्रू असतात. एक मोठ्या फेरीचा वेग ठरवतो, दुसरा शेवटच्या चार बोटांचा. फेरी सावकाश ठेवून शेवट नीट बसवता येतो. दार धरायला कुणीतरी असतंच, हा दुसरा आक्षेप. दार धरणाऱ्याचं मोल मोठंच आहे. पण एका हातात काठी आणि दुसऱ्यात पासबुकाची पिशवी घेऊन निराधार योजनेचे पैसे काढायला आलेल्या आजीने आत जाण्यासाठी कुणाच्या भलेपणाची वाट का पाहावी? अमेरिकेच्या २०१० च्या नियमांत क्लोजरचं दार ९० अंशांवरून १२ अंशांपर्यंत यायला किमान पाच सेकंद सांगितले आहेत. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही सार्वजनिक इमारती सुगम करणं बंधनकारक केलं आहे. मोठा उतार बांधून दार मात्र आपटतं ठेवलं, तर तो उतार अर्धाच झाला.

एकदा बसवलं की झालं, हेही खरं नाही. तेल उष्णतेने पातळ होतं. डिसेंबरात शांत लागणारं दार मे महिन्यात, पारा चाळिशीपलीकडे गेला की, धाडकन लागतं. त्यामुळे वर्षातून दोनदा स्क्रू पाहायला हवा. घड्याळाच्या दिशेने पाव फेरा दिला की वेग कमी होतो. उलट फिरवताना बेताने, कारण स्क्रू पुरता निघाला तर तेल गळतं आणि क्लोजरच बदलावा लागतो. तुमच्या कार्यालयाचं, दवाखान्याचं, बँकेचं दार उद्या पूर्ण उघडून सोडा आणि पाच आकडे मोजा. पाचाच्या आत ते लागलं, तर पेचकस मागवा.