उभी राहिलेली फटफटी

वापरानें वस्तु झिजते हें आपण सारेच जाणतों. परंतु न वापरल्यानेंहि ती झिजते, किंबहुना कित्येकदां अधिक लवकर झिजते, हें मात्र सहसा आपल्या ध्यानांत येत नाहीं. ठेवणींतला शालू घडीवर चिरतो, न उपसलेल्या विहिरीचें पाणी नासतें, आणि संथा रोज म्हटली नाहीं तर ती विसरते. यंत्रांचेंहि तसेंच आहे. मोटारसायकल, म्हणजे आमच्याकडील जुन्या माणसांची फटफटी, चार-सहा महिने उभी राहिली, कीं तिच्यांत कांहींहि मोडलेलें नसतां ती सुरू होईनाशी होते. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली, तेव्हां घरोघरच्या दुचाक्या आठवडेच्या आठवडे दाराशीं उभ्या राहिल्या, आणि हा अनुभव पुष्कळांस एकदमच आला.

आमचें मूळ घर भंडारा जिल्ह्यांतील दिघोरीचें. आमचे वडील बंधु अखेरपर्यंत तेथेंच राहिले. ते गेल्यावर त्यांची मोटारसायकल पडवींत ताडपत्रीखालीं तशीच उभी होती. विकावी असें कोणी म्हणेना, आणि चालवावी असेंहि कोणी म्हणेना. असे चौदा महिने गेले. पुढें पुतणीला साकोलीस महाविद्यालयांत प्रवेश मिळाला. जाण्यायेण्याच्या गाडीची वेळ पहिल्या तासाशीं जुळेना. साकोलीस खोली घेऊन राहावें, तर वहिनी घरांत एकट्या. तेव्हां ती आम्हांस म्हणाली, "काका, बाबांची गाडी मी चालवीन. परवाना काढलाच आहे." वहिनी बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग एवढेंच म्हणाल्या, "भाऊजी, आधीं ती चालू तर होऊं द्या."

गांवांत सल्ला देणारांची वाण कधींच नसते. कोणी म्हणाला, उतारावरून ढकला. कोणी म्हणाला, बॅटरी बदला. एका कारागिरानें तर इंजिन उघडावें लागेल असें न पाहतांच सांगितलें. आमचें मत असें, कीं ज्या यंत्राचें दुखणें समजलें नाहीं त्याच्यावर जोर करूं नये. १८७६ सालीं जर्मनींत निकोलाउस ऑटोनें चार फेऱ्यांचें इंजिन सिद्ध केलें, तेव्हांपासून त्याच्या गरजा त्याच आहेत: हवा, इंधन, दोहोंचें मिश्रण दाबून धरणारें नळकांडें, आणि वेळेवर पडणारी ठिणगी. यांपैकीं काय कमी आहे, एवढाच प्रश्न असतो. आणि तो सोप्यापासून अवघडाकडे, फुकटापासून खर्चाकडे या क्रमानें सोडवावा.

आम्हीं प्रथम इंजिन बंद करण्याचें बटण पाहिलें, कारण तें चुकून दाबलेलें राहिल्यानें अर्धा दिवस किक मारणारीं माणसें आहेत. तें ठीक होतें. भोंगा मात्र वाजेना. शिशाची बॅटरी नुसती पडून राहिली तरी आपोआप उतरत जाते. पुरी भरलेली असतां ती सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते, आणि फार दिवस रिकामी राहिल्यास तिच्या पत्र्यांवर गंधकाच्या क्षाराचा थर बसून ती पुन्हां नीट भरत नाहीं. परंतु ही गाडी जुन्या धर्तीची; किकेबरोबर फिरणारें मॅग्नेटो ठिणगीपुरती वीज स्वतःच निर्माण करतें. तेव्हां दोष केवळ बॅटरीचा नव्हता.

पुढील साक्षीदार म्हणजे प्लग. दहा-बारा किका मारून तो काढून पाहावा. ओला निघाला, तर पेट्रोल पोंचतें आहे व शंका ठिणगीची. कोरडा निघाला, तर पेट्रोलच पोंचत नाहीं. आमचा अगदीं कोरडा निघाला.

टाकींतलें पेट्रोल आम्हीं अंगणांत, चुलीपासून दूर, एका कांचेच्या बरणींत काढलें. त्याला रोगणासारखा वास येत होता, आणि तळाशीं निराळा थर दिसत होता. पेट्रोलमधील हलका, चटकन् पेटणारा भाग दिवसेंदिवस उडून जातो व मागें चिकट राळ उरते. शिवाय आपल्या देशांत पेट्रोलमध्यें मद्यार्क मिसळतात; त्याचें प्रमाण २०२५ सालीं शेंकडा २० वर पोंचलें. मद्यार्क हवेंतील ओल शोषून घेतो, आणि ओल फार झाली म्हणजे पाणी व मद्यार्क मिळून तळाशीं बसतात. तोटी तळाशींच असल्यामुळें इंजिनाला पहिल्यानें मिळतें तें हेंच. आमच्याकडे तर सभोंवार बांध्या आणि बोड्या. पावसाळाभर ओलीला काय तोटा?

कार्बोरेटरची वाटी उघडली, ती हिरवट राळेनें माखलेली. त्यांतील जेटचीं कांहीं छिद्रें अर्ध्या मिलिमीटरहूनहि बारीक असतात. तीं धुवावींत, फुंकरीनें मोकळीं करावींत. सुई मात्र घालूं नये, कारण छिद्र रुंदावलें कीं मिश्रणाचें प्रमाण कायमचें बिघडतें.

राहिली हवा. तिच्या गाळणीची पेटी उघडतांच उंदरांचें घरटें हातीं आलें: तणस, धानाचा कोंडा, आणि वहिनी तीन महिने शोधीत असलेल्या गोधडीचा एक कोपरा! तो पाहून वहिनी हंसल्या. त्या घरांत चौदा महिन्यांत आम्हीं ऐकलेलें तें त्यांचें पहिलें हंसूं.

प्लगच्या छिद्रांतून तेलाचे चार थेंब सोडून आम्हीं इंजिन हलकेच फिरविलें, प्लग घासून बसविला, ताजें पेट्रोल घातलें, आणि चोक ओढून पुतणीला किक मारावयास सांगितलें. पांचव्या किकेला गाडी सुरू झाली. शेजारचे वृद्ध गृहस्थ अंगणांत आले आणि आमच्या दाराकडे पाहत उभे राहिले. त्या आवाजाची त्यांना ओळख होती. वहिनी आंत गेल्या असतील असें आम्हांस वाटलें; पण त्या पडवींत ताडपत्रीची घडी करीत होत्या. ती घडी त्यांनीं माळ्यावर टाकली.

गाडी सुरू झाली म्हणून लगेच रस्त्यावर नेऊं नये. ब्रेक, टायरांतील हवा, साखळी, तेल व विमा हीं सारीं पाहावींत. मालक दिवंगत असेल, तर वाहन वारसाच्या नांवें करून घ्यावें. ही गाडी आतां वहिनींच्या नांवावर आहे. ज्यांना गाडी बरेच दिवस उभी ठेवणें भाग आहे, त्यांनीं कार्बोरेटरमधील पेट्रोल काढून टाकावें, बॅटरी सोडवून महिन्याकाठीं भरावी, आणि हवेच्या तोंडाशीं जाळी लावावी. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटर जाऊन इंधन फवारणारी यंत्रणा आली. तिचा पंप विजेवर चालतो, म्हणून तेथें बॅटरीची काळजी दुप्पट. सर्वांत उत्तम म्हणजे आठवड्यांतून एकदां गाडी चांगली तापेपर्यंत फिरवून आणावी.

गेलेल्या माणसाची वस्तु जपावी ही भावना योग्यच आहे. परंतु जपणें म्हणजे झांकून ठेवणें नव्हे. ताडपत्रीखालीं बंधूंची गाडी सुरक्षित आहे असें आम्हां सर्वांस वाटत होतें, तेव्हां उंदीर, ओल आणि राळ आपलें काम करीतच होतीं. आतां तिच्यावर रोज साकोलीच्या रस्त्याची धूळ बसते, आणि ती रोज पुसली जाते.