झाकणाच्या आतल्या रेघा

आमच्या घरातलं बाकी सगळं सोनं लोखंडी पेटीत असायचं. आजीच्या पाटल्या, आईची बोरमाळ, काकूची नथ हे सणापुरतं बाहेर यायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फडक्यात जायचं. थोरल्या काकांचं ओमेगा तेवढं रोज संध्याकाळी माजघरातल्या खुंटीवर असायचं. झोपण्याआधी त्याला चावी द्यायचा मान आम्हा चौघांना वारांप्रमाणे वाटून दिलेला होता. आक्का, दादा, मी आणि धाकटी. चावी बोटाला अडली की थांबायचं, पुढे अर्धा फेरासुद्धा नाही. आजही आम्हा चौघांची बोटं कुठलीही चावी फिरवताना त्याच जागी थांबतात.

काकांनी ते घड्याळ सेकंड हँड घेतलेलं होतं. मुंबईच्या गोदीतली नोकरी सोडून १९६४ साली ते कोल्हापूरला परत आले, तेव्हा मनगटावर घालून आले. धोबीतलावला गोव्याच्या लोकांची कुडं होती, म्हणजे गावागावांचे क्लब. बोटीवर नोकरी करणारे तारवटी दोन सफरींच्या मध्ये तिथे उतरायचे. अशाच एका तारवट्याला गावी जायला पैसे हवे होते. काकांनी तीन पगारांची शिल्लक दिली आणि घड्याळ घेतलं. ‘दोनच वर्षं वापरलंय,’ असं तो म्हणाला होता. हे वाक्य काकांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलं की ते घड्याळाच्या नावासारखंच झालं.

आजीचा पहिला प्रश्न होता, ‘खरं असेल तर विकलं कशाला?’

त्या काळी फॉरेनचं घड्याळ सरळ दुकानातून घेणं आमच्यासारख्यांच्या आवाक्यात नव्हतं. बेंगळुरूला एचएमटीचा कारखाना १९६१ मध्ये सुरू झाला होता, पण ते घड्याळ अजून आमच्या गल्लीत कुणाच्या हातावर दिसलं नव्हतं. वडिलांचं फेवर-ल्युबा होतं, दिसायला पिवळंधमक. त्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत ‘२० मायक्रॉन’ लिहिलेलं होतं आणि पाठ स्टीलची होती. वडिलांनी त्याला कधी सोन्याचं म्हटलं नाही. पट्टा जिथे अडकतो त्या शिंगांच्या टोकांवरून घामानं मुलामा उडाला होता आणि खालचा करडा धातू दिसू लागला होता. वीस मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. अख्ख्या घड्याळावरचं सोनं खरवडून काढलं तरी जेमतेम अर्धा ग्रॅम भरेल. हा हिशेब आम्ही पुढे शाळेत घनफळ शिकल्यावर केला.

आजीच्या समाधानासाठी काका घड्याळ घेऊन गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, गेले. दादा आणि आक्का सोबत होते, मी आक्काचं बोट धरून. गुजरी तेव्हा उदास होती. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं आणि चौदा कॅरेटच्या वरचा नवा दागिना घडवायला बंदी झाली. आमच्या घरचे सोनार पिढ्यान्‌पिढ्या बावीस कॅरेटमध्ये काम केलेले, ते दुकानात भाता न फुंकता बसलेले होते. त्यांनी घड्याळाची पाठ उघडली, भिंग लावलं आणि आत चौकटीत ठोकलेला ०.७५० हा आकडा काकांना दाखवला. शेजारी बाईच्या डोक्याचा बारीक छाप होता. तो स्वित्झर्लंडचा हेल्वेशियाचा छाप, अठरा कॅरेटचा. चौदा कॅरेट असतं तर तिथे ०.५८५ आणि खार असती. छापावर विसंबून मात्र ते थांबले नाहीत. शिंगाच्या आतल्या बाजूला, जिथे ओरखडा दिसणार नाही तिथे, कसोटीचा दगड टेकवून हलकीशी रेघ ओढली, शेजारी माहितीच्या कसाच्या काडीची रेघ ओढली आणि दोन्हींवर तेजाब सोडलं. दोन्ही रेघा सारख्याच टिकल्या.

‘अठरा आहे,’ ते म्हणाले. आणि मग बराच वेळ त्यांनी घड्याळ तळहातावरच ठेवलं. ज्या कसाच्या कामाला त्यांना हात लावायची परवानगी नव्हती, तो बाहेरच्या कुणा कारागिराच्या हातून घडून त्यांच्यासमोर आला होता. त्यांचा तो चेहरा आक्काला अजून आठवतो.

वजनाबद्दल त्यांनी काकांना एक गोष्ट समजावली, ती आम्ही विसरलो नाही. घड्याळ अख्खं तोलून सोन्याचा भाव लावू नका. मशीन पितळ-पोलादाचं, काच वेगळी, पट्टा वेगळा. नुसती केस बारा ग्रॅमची असेल तर त्यात शुद्ध सोनं नऊ ग्रॅम. तेवढी किंमत कुठेही मिळेल. त्यावर जे मोजलंत, ते घड्याळाचं मोजलंत.

ते घड्याळ कसं आहे हे सांगणारा माणूस बिंदू चौकाजवळ बसायचा. फळीवर उलट्या पेल्यांखाली उघडी घड्याळं आणि एका डोळ्याला कायम भिंग. ओमेगाचं मशीन त्या काळी तांबूस रंगाचं यायचं. झाकण उघडल्याबरोबर तो रंग पाहून घड्याळजींचा हात हळू झाला. मशीनवरचं नाव आणि डायलवरचं नाव एकच आहे ना, सतरा ज्वेल लिहिलंय ना, चावी कंपनीचीच आहे ना, स्क्रूच्या खाचा पेचकसानं खाल्ल्या आहेत का, सगळं त्यांनी पाहिलं. बॅलन्सचं चाक दोन्हीकडे सारखं आणि मोकळं झुलत होतं. मग डायल. सहाच्या आकड्याखाली ‘स्विस मेड’ ही अक्षरं इतकी बारीक असतात की भिंगाशिवाय वाचता येत नाहीत. ती जाड, फुगलेली दिसली तर डायल पुन्हा रंगवलेली समजायची, असं ते म्हणाले. आमची डायल जुन्या कागदासारखी पिवळसर झाली होती. त्यांना ती तशीच हवी होती.

शेवटी त्यांनी झाकणाची आतली बाजू आम्हाला दाखवली. टोकदार हत्यारानं कोरलेल्या तीन बारीक खुणा होत्या, आकडे आणि तिरप्या रेघा. घड्याळ उघडून साफ करणारा घड्याळजी सहसा आपली तारीख तिथे कोरून ठेवायचा. त्यांनीही चौथी खूण कोरली. आम्हाला ती जादू वाटली. पुढे दर दोन-तीन वर्षांनी ऑइलिंगला घड्याळ गेलं की परत आल्यावर नवी खूण पाहायचा आमचा हट्ट असायचा.

१९७८ मध्ये आक्काचं लग्न ठरलं आणि काकांनी घड्याळ मोडलं. ‘मोडलं’ हा शब्द आम्ही दागिन्यांसाठी वापरतो. घड्याळाला तो किती शब्दशः लागू पडतो हे तेव्हा कळलं. आमचे जुने सोनार तोवर राहिले नव्हते. दुसऱ्या दुकानात केस आणि झाकण वेगळं करून तोललं, आटवलं आणि मशीन डायलसकट कागदाच्या पुडीत बांधून परत दिलं. काकांनी ती पुडी आक्काच्या हातात ठेवली. झाकणावरच्या सगळ्या खुणा सोन्याबरोबर मुशीत गेल्या. आक्कानं त्या पैशांच्या बांगड्या आजवर हातातून काढलेल्या नाहीत.

यंदा दिवाळीत दादाचा मुलगा एक जुनं सोन्याचं ओमेगा घेऊन आला. मुंबईतल्या एका विक्रेत्यानं दोन दिवस पाहायला दिलं होतं. त्याआधी त्यानं आणलेलं घड्याळ आम्ही लगेच परत पाठवलं होतं. डायल चकचकीत निळी, अक्षरं जाड, काटे दुसऱ्याच कुठल्या घड्याळाचे. परदेशातले संग्राहक अशा रंगवून जोडलेल्या घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, हे त्याच्याकडूनच कळलं, आणि आपल्या शहराचं नाव असं वापरलं जातं याचं वाईट वाटलं.

या वेळचं वेगळं होतं. आम्ही चौघंही साठीच्या पुढचे, आणि कुणी न सांगता प्रत्येकानं आपापलं काम घेतलं. दादानं शिंगांची टोकं पाहिली. धाकटीनं ‘स्विस मेड’ वाचलं. मी छाप पाहिला. आत आकडा होता, शिंगाच्या मागचं बाईचं डोकं पुसट झालं होतं, म्हणजे केस बरेचदा घासून पॉलिश केलेली. आक्कानं झाकणाची आतली बाजू उजेडाकडे धरली. विक्रेता म्हणाला होता, कधीच उघडलेलं नाही. आत पाच खुणा होत्या.

‘बोलतो ते खोटं, घड्याळ खरं,’ आक्का म्हणाली. ‘पॉलिशचे पैसे कमी करून घे.’

मग तिनं पर्समधून फोटोच्या फिल्मची जुनी डबी काढली. कापसात काकांचं मशीन होतं. मुलानं भिंगातून त्यावरचा आठ आकडी नंबर वाचला. एक कोटी तीस लाखांच्या थोडा पुढचा. अशा नंबराचं मशीन साधारण १९५२ चं, तो म्हणाला.

म्हणजे काकांनी घेतलं तेव्हा ते बारा वर्षांचं होतं. दोन वर्षांच्या घड्याळाच्या झाकणात तीन खुणा नसतात. त्या आम्ही तिघांनी पहिल्या दिवशी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. घड्याळजींनी तर भिंगातून वाचल्या होत्या, तारखांसकट. काकांनी त्यांनाही ‘दोनच वर्षं वापरलंय’ हे सांगितलं होतं. ते काही बोलले नाहीत. चौथी खूण कोरली, झाकण दाबून बसवलं आणि घड्याळ काकांच्या हातात देत म्हणाले, ‘मशीन चोख आहे. रोज एकाच वेळेला चावी द्या.’