थांबण्याची जागा

खेळण्यांतल्या आगगाडीसाठीं रूळ निवडणें हें काम दिसतें तितकें बालिश नाहीं. मनुष्याचा स्वभाव ओळखावयाचा असेल तर त्याचें पुस्तकांचें कपाट पाहावें किंवा त्याचे मित्र पाहावे, असें म्हणतात. मी त्यांत एका गोष्टीची भर घालीन. त्याच्या पुढ्यांत रुळांच्या तुकड्यांची एक पेटी ओतावी, आणि तो पहिल्यानें कोणता तुकडा उचलतो तें पाहावें. उतावळा मनुष्य सरळ तुकडे उचलतो. त्याला वेग हवा असतो. संसारी मनुष्य वांकडे तुकडे गोळा करतो. निघालेली गाडी सायंकाळीं घरीं परत यावी अशी त्याची इच्छा असते. सांधा मात्र सहसा कोणी प्रथम उचलीत नाहीं. तो महाग असतो, नीट बसवावा लागतो, आणि हातीं घेतला कीं प्रश्न उभा करतो : आतां कोणीकडे?

मी राहतों मुदखेडास आणि शिकवितों नांदेडच्या एका महाविद्यालयांत. त्यामुळें आगगाडीशीं माझा संबंध रोजचाच. मुदखेड हें जंक्शन आहे. पश्चिमेकडून नांदेडचा रूळ येतो. पुढें एक वाट निझामाबादेकडे जाते, आणि दुसरी भोकर, हिमायतनगर, किनवट करीत आदिलाबादेकडे. अशा गांवच्या मुलाला गाडीचें वेड नसेल तरच नवल. माझ्या थोरल्या बंधूंचा दहा वर्षांचा नातू मुकुंद याला तें आहेच. गेल्या उन्हाळ्यांत त्याच्यासाठीं विजेवर चालणाऱ्या गाडीची एक पेटी मीं आणली, आणि माझ्या अभ्यासिकेंत तिला कायमची जागा द्यावयाची असें ठरविलें. ‘मुकुंदासाठीं’ हा शब्द मीं उच्चारतांना आमच्या सौभाग्यवतींच्या मुखावर जें स्मित उमटलें, त्याचा अर्थ चाणाक्ष वाचकांना सांगावयास नको.

रूळ तुकड्यातुकड्यांनीं विकण्याची कल्पना मोठी धूर्त खरी. जर्मनींतील मेर्क्लिन या कारखान्यानें १८९१ सालीं लाइपझिगच्या जत्रेंत इंग्रजी आठाच्या आंकड्यासारखा रूळ मांडून त्यावर किल्लीची गाडी चालवून दाखविली, आणि रुळांच्या रुंदीचीं ठराविक मापें आंखून दिलीं. रुंदी एकदां ठरली म्हणजे आजच्या तुकड्यास पुढच्या वर्षीं घेतलेला तुकडा जुळणार. म्हणजेच खेळणें कधींच पुरें होणार नाहीं! लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यानें १९२० सालीं आपल्या गाड्या बाजारांत आणल्या, तेव्हां हीच युक्ति इंग्रजांच्या घरोघरीं पोंचली.

आमच्या पेटींतले रूळ त्याच वंशांतले. दोन रुळांमधलें अंतर १६.५ मिलिमीटर; सरळ तुकडा १६८ मिलिमीटर लांब; वांकडा तुकडा ४३८ मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा सोळावा भाग. सोळा वांकडे तुकडे जोडले कीं वर्तुळ पुरें होतें. षोडशोपचार पूजाच म्हणा ना! कडेच्या मोकळ्या जागेसह त्याला सव्वातीन फूट रुंदी लागते. सुताराकडून आठ फूट लांब व चार फूट रुंद असा प्लायवुडचा तक्ता आणविला. दोन्ही टोकांस अर्धीं वर्तुळें, आणि मध्यें प्रत्येक बाजूस आठ सरळ तुकडे. सोळा वांकडे, सोळा सरळ : हिशेब इतका सुबक आला कीं मुकुंदानें टाळ्या पिटल्या. त्याच्या दृष्टीनें रेल्वे तयार झाली होती.

परंतु वाङ्मयाच्या अध्यापकाला वास्तवतेचा ध्यास असतो, निदान असावा अशी अपेक्षा असते. मीं कागद-पेन्सिल घेऊन खऱ्या रेल्वेचीं मापें ८७ नें भागावयास आरंभ केला. कारण अशा रुळांवरच्या पुष्कळशा गाड्या खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढ्या केलेल्या असतात. आपल्या ब्रॉडगेजवर अत्यंत अवघड वळणालाहि १७५ मीटर त्रिज्या लागते. माझ्या तक्त्यावर तिचे २ मीटर झाले, आणि सबंध तक्त्याची रुंदी चार फूट! उलट माझ्या तक्त्यावरचें वळण खऱ्या जगांत ३८ मीटर त्रिज्येचें झालें असतें, आणि त्यावरून निघालेली एक्स्प्रेस थेट शेजारच्या उसांत शिरली असती. स्टेशनांत पूर्ण लांबीची मालगाडी उभी करावयास ६८६ मीटर रूळ धरतात. त्याचे जवळजवळ ८ मीटर होतात. म्हणजे इंजिन अभ्यासिकेंत उभें राहिलें तर शेवटच्या वाघिणी स्वयंपाकघर ओलांडून तुळशीवृंदावनापाशीं यावयाच्या. सौभाग्यवतींनीं ही योजना शांतपणें ऐकून घेतली, एवढेंच सांगतों.

तेव्हां आराखडा करणें म्हणजे गाळणें. सुनीतकाराला चौदा ओळी मिळतात, मला बत्तीस चौरस फूट मिळाले होते. आणि गाळावयाचें तर राखावयाचें काय, हा प्रश्न रुळाच्या रुंदीपाशींच सुरू होतो. मनमाडहून सिकंदराबादेस जाणारा आमचा रस्ता १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यांत झाला, तो हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा, मीटरगेजचा. माझें बालपण त्या १००० मिलिमीटरांच्या रुळांशेजारीं गेलें. गेल्या शतकाच्या अखेरीपासून ते टप्प्याटप्प्यानें उखडले गेले, आणि १६७६ मिलिमीटरांचे मोठे रूळ आले. ८७ नें भागलें तर जुना रूळ साडेअकरा मिलिमीटरांचा होतो आणि नवा सव्वाएकोणीस मिलिमीटरांचा. पेटींतला साडेसोळा मिलिमीटरांचा रूळ या दोहोंपैकीं एकहि नव्हे. तो युरोपांतल्या १४३५ मिलिमीटरांच्या रुळाची प्रतिमा आहे. मीटरगेजसाठीं १२ मिलिमीटरांचा रूळ परदेशीं मिळतो, पण त्याची किंमत प्राध्यापकाने ऐकून सोडून द्यावी अशी. मनांतलें मुदखेड, डोळ्यांसमोरचें मुदखेड आणि पेटींतलें मुदखेड : एकाची गाडी दुसऱ्याच्या रुळावर चालावयाची नाहीं. मीं पेटींतलें पत्करलें.

आराखड्याचा कागद मीं दादांना दाखविला. दादा म्हणजे माझे थोरले बंधू. चाळीस वर्षें ते याच यार्डांत सांधेवाले होते. आतां निवृत्त आहेत. त्यांनीं चष्मा पुसला, कागदावरच्या रुळावरून एकवार बोट फिरविलें, पुन्हां फिरविलें, आणि विचारलें, “अरे, समोरून येणारीला वाट कुठं देणार तू?”

“आजोबा, गाडी एकच आहे,” मुकुंद म्हणाला.

“आज एक आहे. उद्या दुसरी मागशील.”

एकेरी मार्गाचें सारें शास्त्र त्या प्रश्नांत आहे. दोन स्टेशनांच्या मधल्या रुळावर एका वेळीं एकच गाडी असावयाची; म्हणून त्या रुळाची खूण म्हणून ड्रायव्हरला एक धातूचा गोळा देत. वेताच्या मोठ्या कड्याला अडकविलेला तो गोळा हात उंच करून इंजिनावर देतांना दादांना मीं शाळेंत असतांना कितीदां तरी पाहिलें आहे. ज्याच्यापाशीं गोळा नाहीं त्यानें थांबावयाचें. आणि थांबावयाचें तर थांबण्यास जागा हवी. मुख्य रुळापासून फुटून पुन्हां त्यालाच मिळणारी बाजूची वाट, जिला रेल्वेंत लूप म्हणतात, ती याचसाठीं असते. नांदेडकडचा मार्ग आतां दुहेरी झाला आहे. आदिलाबादच्या फाट्यावर मात्र आजहि एका गाडीनें थांबल्यावांचून दुसरी पुढें जात नाहीं.

मीं पुन्हां कागद घेतला. लूपसाठीं दोन सांधे लागतात, एक डावा व एक उजवा. प्रत्येक सांधा १६८ मिलिमीटर जागा खातो, आणि बाजूस गेलेल्या रुळाला पुन्हां समांतर आणण्यास जवळजवळ तितकीच जागा जाते. आठ सरळ तुकड्यांपैकीं चारांची जागा अशी संपली. उरलेल्या ६७ सेंटिमीटरांत एक इंजिन व दोन आंखूड डबे कसेबसे उभे राहतात. या खेळांतल्या साध्या सांध्याचा एक गुण मला फार आवडला : तो ज्या वाटेकडे वळविलेला असेल तिकडेच वीज जाते. दुसऱ्या वाटेवरच्या गाडीला ती मिळत नाहीं, आणि ती आपोआप स्वस्थ उभी राहते.

पुण्यास कोथरुडांत भाऊसाहेब जोशी यांनीं उभारलेलें छोट्या रेल्वेंचें संग्रहालय १९९८ सालीं लोकांस खुलें झालें. तेथें अनेक गाड्या एकाच वेळीं चालतात. एकदां आम्ही दोघे भाऊ तें पाहावयास गेलों होतों. सारी मुलें धांवत्या गाडीमागें माना वळवीत होतीं. दादा उभ्या असलेल्या एका गाडीकडे पाहात होते.

आमच्या घराचा मार्गहि एकेरीच होता. वडील रुळांची खडी सारखी करणारे गँगमन. दोन मुलांना एकदम महाविद्यालयांत घालण्याइतका त्यांचा पगार नव्हता. दादा गणितांत माझ्याहून पुष्कळ पुढें. बारावी होतांच त्यांनीं यार्डांत नोकरी धरली, आणि पुढें मी औरंगाबादेस शिकावयास गेलों. ‘याचें झालें कीं मग मी,’ असें ते आईला म्हणाल्याचें मला आठवतें. माझें एम्. ए. झालें तोंवर बहिणींचीं लग्नें उभीं राहिलीं, मग त्यांचीं स्वतःचीं मुलें. मेल निघून गेली कीं लूपमधली गाडी सोडावयाची, असा रेल्वेचा नियम आहे. घरांत तसा नियम नसतो. आम्ही दोघांनीं हा विषय आजवर कधीं काढलेला नाहीं. त्या दिवशींहि काढला नाहीं. दादांनीं पेन्सिल मागून घेतली आणि लूपच्या रुळाशेजारीं आपल्या टपोऱ्या अक्षरांत ‘मुदखेड’ असें लिहिलें.

दोन सांधे त्याच आठवड्यांत मागविले. दुसरी गाडी मुकुंदानें दिवाळीस मागून घेतली, हें ओघानेंच आलें. आतां संध्याकाळीं वेग मुकुंदाच्या हातीं असतो, आणि सांधे दादांच्या. एक गाडी लूपमध्यें उभी राहते, दुसरी खडखडत शेजारून निघून जाते. मग दादा सांधा फिरवितात आणि मुकुंदाला खूण करतात. मी चहाला हांक मारतों. परंतु लूपमधली ती गाडी मुख्य रुळाला लागेपर्यंत दादा खुर्चीवरून उठत नाहींत.