दीड लिटरची अंघोळ

"आणि अंघोळीचं काय?"

आठ दिवस गाडीतून कच्छ फिरणार आणि गाडीतच राहणार, असं घरात जाहीर केल्यावर बाबांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. रस्ता, थंडी, पंक्चर यांबद्दल एक शब्द नाही. प्रश्न माझ्या किंवा धाकट्या भावाच्या अंघोळीचा नव्हताच. आजीच्या अंघोळीचा होता.

आजी ७८ वर्षांची. लग्न होऊन बडोद्याला दांडिया बाजारात आली तेव्हापासून पहाटे साडेपाचला अंघोळ, मग देवपूजा, मग चहा. ताप असला तरी हा क्रम मोडलेला आम्ही पाहिला नव्हता. बडोद्याच्या माणसाला पाण्याची ददात माहीतच नाही. सयाजीराव महाराजांनी आजव्याचा तलाव बांधून शहराला पाणी दिलं, त्याचं कौतुक आजी अजून असं सांगते, जणू महाराज शेजारीच राहत होते.

मग गाडीत राहण्याचा हट्ट कशाला? आजोबांना नारायण सरोवरला जायचं होतं, ते राहून गेलं. आजीला ते पुरं करायचं होतं. पण तिला दर दीड तासाने बाथरूमला जावं लागतं, आणि गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही. म्हणून प्रवासात ती पाणीच पीत नाही. मागच्या वर्षी इंदूरच्या लग्नाहून परतली ती लघवीचा संसर्ग घेऊन, पाच दिवस सलाइन लागलं. आपल्या घरातल्या किती बायका प्रवासात अशा तहानलेल्या बसतात, ते एकदा त्यांना विचारून बघा. म्हणून मी ठरवलं, आजीचं बाथरूम आजीबरोबर न्यायचं.

आमची जुनी ईको घेतली. मागच्या सीट काढून प्लायवूडचा पलंग केला, खिडक्यांना जाड पडदे लावले. म्हाताऱ्या माणसांसाठी मिळते ती भांड्याची खुर्ची घेतली. भांड्यात पिशवी आणि वर टाकायला लाकडाचा भुसा. पाणी मात्र ५० लिटर: वीसचे दोन जार आणि दहाचा एक कॅन. नळ नाही, टाकी नाही. पलंगावर आजी आणि मी, भाऊ बाहेर छोट्या तंबूत.

हिशेब वहीत लिहिला होता. तिघांना पिण्याचं ९ लिटर, स्वयंपाक आणि भांडी ६, हात-तोंड आणि बाथरूम ४, तिघांच्या अंघोळीला साडेचार. म्हणजे दिवसाला साधारण २४ लिटर, आणि ५० लिटर दोन दिवस. कमी पडलं तर अंघोळ कापायची, पिण्याचं नाही. आजीला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "दीड लिटरमध्ये माणूस अंघोळ करतो की मांजर?"

जानेवारीत निघालो. विरमगाम, पाटडी करत खाराघोडाला पोचलो, छोट्या रणाच्या तोंडाशी. इथे अगरिया लोक मीठ पिकवतात. पावसाळा संपला की कुटुंबं रणात येतात, जमिनीखालचं खारं पाणी उपसून मिठागरात सोडतात आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तिथेच झोपडीत राहतात. गोडं पाणी येतं ते टँकरनं. एका झोपडीपाशी चहा मिळाला. आजी गुजराती बडोद्याचं बोलते, पण गप्पा जमल्या. तिने थेट विचारलं, "बेन, तुम्ही अंघोळ कशी करता?"

ती बाई हसली. म्हणाली, अंघोळ टँकर येईल तशी. पण पाय रोज धुवायचे, संध्याकाळी, गोड्या पाण्याने आणि पुसून कोरडे करायचे. दिवसभर खाऱ्या पाण्यात उभं राहून पायांना भेगा पडतात, त्यात मीठ शिरलं की रात्री झोप येत नाही. डोकं नाही धुतलं तर चालतं, पाय नाही धुतले तर काम बंद. निघताना तिने आमचा कॅन भरून द्यायला घेतला. आजीने तिचा हात धरून थांबवला. गाडीत बसल्यावर बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "उद्यापासून तुझी ती मांजराची अंघोळ दाखव."

ती अशी. पाच लिटरच्या कॅनला काळं कापड गुंडाळून काचेमागे उन्हात ठेवायचा. दुपारी तीनपर्यंत पाणी छान कोमट होतं. म्हणून अंघोळ पहाटे नाही, तिसऱ्या प्रहरी. दोन छोटे पंचे, एक साबणाचा, एक साध्या पाण्याचा, आणि एक कोरडा टॉवेल. आधी चेहरा, मान, कान. मग हात, काखा, छाती, पाठ. मग पाय. जांघा आणि खालचा भाग सगळ्यात शेवटी आणि वेगळ्या फडक्याने. एक भाग उघडायचा, पुसायचा, कोरडा करून झाकायचा, मग पुढचा. थंडी वाजत नाही आणि लाजही वाटत नाही. त्वचेच्या घड्या नीट कोरड्या करायच्या, कारण ओल राहिली की खाज आणि बुरशी. पहिल्या दिवशी आजीने डोळे मिटून घेतले होते. संपल्यावर म्हणाली, "माझ्या सासूबाई म्हणायच्या, आजाऱ्याचं अंग ओल्या पंचानं पुसलं की त्याचं स्नान झालं. मला वाटायचं, सोय म्हणून सांगतात."

बाकी गोष्टी आम्ही चुकत शिकलो. ताटं आधी कागदाने पुसली तर अर्ध्या तांब्यात धुऊन होतात. आतले कपडे घट्ट झाकणाच्या डब्यात थोडं पाणी आणि चिमूटभर साबण टाकून ठेवले की खड्डेच ते धुतात, आपण फक्त पिळायचे. केसांना तेल लावून रोज बारीक फणी फिरवली की आठ दिवस न्हायलं नाही तरी चालतं. हात मात्र जेवणाआधी आणि बाथरूमनंतर साबणानेच धुवायचे, तिथे काटकसर नाही. भावाने पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला तीन भोकं पाडली, तेवढ्या धारेत हात धुऊन होतात.

तिसऱ्या रात्री खडीर बेटावर होतो. चारी बाजूंनी मोठं रण आणि मध्ये ही जमीन. रात्री दोनला मला जाग आली. आजी पलंगावर बसून होती, अंधारात, हालचाल न करता. थंडीत उठायला उशीर झाला आणि गादी ओली झाली होती. लुगडं, चादर, सगळं. तिचा आवाज लागत नव्हता. "मला उद्या घरी सोड," एवढंच ती म्हणाली. "मी आता कुठे न्यायच्या लायकीची राहिले नाही."

त्या रात्री जारमध्ये नऊ-दहा लिटर पाणी होतं. जवळ नळ नाही, उघडं दुकान नाही. वहीतला हिशेब मी बाजूला ठेवला. गॅसवर दोन लिटर गरम केलं. दुपारी करतो तेच केलं, त्याच क्रमाने, फक्त सावकाश. बाहेर भावाला सगळं कळलं होतं. तो तंबूतून उठला, मोबाइलचा उजेड पाडून उगाच टायर बघत राहिला आणि मी हाक मारेपर्यंत गाडीकडे पाठ करून उभा राहिला. मग पिशवीत बांधलेली चादर त्याने काही न बोलता उचलून नेली. गादीवर आम्ही कोरडी सतरंजी आणि खाली प्लास्टिक टाकलं. आजीला माझ्या स्वेटरमध्ये गुंडाळलं. झोपताना तिने विचारलं, "पाणी उरलं का गं प्यायला?" मी म्हटलं, "उरलं, आणि तू आत्ता ग्लासभर पी." तिने प्यायलं. माझ्या दृष्टीने ती सहल तिथेच सफल झाली.

सकाळी तिला धोलावीरा दाखवलं. सिंधू संस्कृतीतलं हे नगर, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचं. २०२१ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. दोन बाजूंनी मानसर आणि मनहर हे ओढे, फक्त पावसात वाहणारे. तिथल्या लोकांनी त्यांच्यावर बांध घातले, पाणी वळवलं आणि खडकात कोरलेल्या मोठमोठ्या तळ्यांत साठवलं. तळ्यात उतरायला पायऱ्या आहेत. आजी काठावर बसून होती. खूप वेळाने म्हणाली, "पाऊस चार दिवसांचा आणि माणसं बारा महिन्यांची. त्यांनीही वही घातली असेल." घरी जाण्याचं तिने पुन्हा काढलं नाही.

पुढे रणातून जाणाऱ्या रस्त्याने खावडा. दोन्हीकडे पांढरं मीठ, क्षितिजापर्यंत. भुजला एका धर्मशाळेत बादलीभर गरम पाणी मिळालं आणि आजीने तासभर दार उघडलं नाही. सातव्या दिवशी नारायण सरोवर. घाटाच्या पायऱ्या तिला उतरता येईनात. मी तांब्या भरून आणला, तिच्या पायांवर ओतला, थोडं डोक्याला लावलं. तिने आजोबांचं नाव घेतलं. कोटेश्वरच्या देवळापाशी, जिथे जमीन संपून खाडी सुरू होते, ती वाऱ्यात उभी राहिली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबाला सांग, आठही दिवस माझी अंघोळ चुकली नाही."

या गोष्टीला दोन वर्षं होतील. गेल्या दिवाळीपासून आजी अंथरुणावर आहे. मावशी लावली आहे, पण तिसऱ्या प्रहरी मी घरी असले की काम माझं. बाथरूममध्ये चोवीस तास पाणी आहे, तरी मी पातेल्यात दीड लिटरच घेते. दोन पंचे, एक टॉवेल. आधी चेहरा, मान, कान. आजी डोळे मिटून विचारते, "आज कुठवर आलो?"

मी सांगते, "खावडा सोडलं, आजी. आता भुज."