मेरियोंची गल्ली

शार्ल मेरियोंच्या त्या चिमुकल्या छापचित्रावरून रात्री नजर हटेना. १८५४ सालचं पॅरिस. टवाळ पोरांची गल्ली असं तिचं नाव, पण पोरं औषधालाही नाहीत. पोपडे धरलेल्या भिंती, गजांच्या खिडक्या, आणि एकमेकींना खेटून निघालेल्या दोन बायका. मला बायकांपेक्षा भिंतीच जास्त बोलक्या वाटतात.

हा गडी मूळचा नौदलातला, थेट न्यूझीलंडपर्यंत जाऊन आलेला. रंग नीट ओळखता येत नसत, म्हणून रंगचित्रांचा नाद सोडून तांब्याच्या पत्र्याकडे वळला. पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, त्यावर सुईनं रेघा ओढायच्या, मग आम्लात बुडवायचं. मेण खरवडलं तेवढंच तांबं खाल्लं जातं आणि त्या खाचांत शाई बसते. आम्लात जास्त वेळ ठेवलं की रेघ खोल, गडद. त्या गल्लीतला अंधार असा घड्याळ बघून शिजवलेला आहे!

१८५३ पासून पॅरिसचा प्रीफेक्ट ओस्माननं जुनं शहर पाडायला घेतलं. मेरियों तेच कोरत बसला होता. १८५९ साली कवी बोदलेरनं तोंड भरून कौतुक केलं, पण कौतुकानं घर चालतं थोडंच? डोकं फिरत गेलं आणि १८६८ मध्ये शाराँतोंच्या वेड्यांच्या इस्पितळात तो वारला. मधल्या काळात पाँ-ओ-शांज पुलाच्या जुन्या पत्र्यावर त्यानं आभाळभर पक्षी कोरले. आधी तिथं एक उडता फुगा होता. जाणकार पक्ष्यांवर लिहितात; मला आपला फुगाच बरा वाटतो.